एक्केचाळीस नंबरचं भुईभाडं

सिस्टरांनी एकतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली आणि निवृत्त झाल्या त्या दिवशी घरी येऊन सरळ ताणून दिली. दुसऱ्या दिवशी उठल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडला तो पैशांचा नव्हता, तर आता सकाळी उठून करायचं काय हा होता. पैशांचा प्रश्न त्यांच्या नणंदेला पडला. नणंदेचं नाव चिमी. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून घरच्यांनी चिमी म्हणायला सुरुवात केली; आता दारातून आत येताना तिला मान झुकवावी लागते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ती लोकांना गाडी शिकवते. बावीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी बसून ती ओरडत आलीय, त्यामुळे घरातही साधं "मीठ दे" म्हटलं तरी शेजारचे दचकतात.

सिस्टरांचा नवरा, म्हणजे चिमीचा भाऊ, जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दोघी एकाच घरात. भावजय आणि नणंद एका छताखाली राहणार म्हटल्यावर ओळखीपाळखीचे लोक भांडणाची वाट बघत बसले होते. बरीच वाट बघून शेवटी कंटाळले.

"वहिनी, तुझे आलेले पैसे आणि माझी बचत एकत्र करू," चिमी म्हणाली. "एखादा लहान फ्लॅट घेऊ आणि भाड्यानं देऊ. म्हातारपणी दोघींना महिन्याच्या महिन्याला काहीतरी येत राहील."

फ्लॅट मिळाला तो चौथ्या मजल्यावरचा, एक्केचाळीस नंबर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी. मालक दातांचे डॉक्टर होते, दुसऱ्या गावी दवाखाना हलवल्यामुळे विकत होते. आत गेली एकोणीस वर्षं एक भाडेकरू राहत होते. भाडं वेळेवर देतात, कुरकुर करत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. वकिलांनी कागद पाहिले, सह्या झाल्या, किल्ली हातात आली. त्या दिवशी दोघींनी बाहेर जेवण केलं आणि चिमीनं हॉटेलातल्या वेटरलाही सांगितलं की आम्ही मालकिणी झालो.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं.

सिस्टरांनी ते स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. वाचता वाचता त्यांची डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर गेली होती आणि त्या स्वतःचीच नाडी मोजत होत्या, हे चिमीच्या लक्षात आलं.

"काय गं? कोण गेलं?"

"कुणी नाही. जमीनवाल्या कंपनीचं पत्र आहे."

इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती जमीन फ्लॅटवाल्यांची नव्हती. ती एका कंपनीची, नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली. तिच्यापोटी प्रत्येक फ्लॅटवाल्यानं वर्षाला ठरलेली रक्कम भरायची, तिला भुईभाडं म्हणतात. हे सिस्टरांना माहीत होतं; वकिलांनी समजावून सांगितलं होतं. माहीत नव्हतं ते असं की एक्केचाळीस नंबरचं भुईभाडं सहा वर्षं भरलेलंच नाही. नवीन नाव लावताना खातं तपासलं तेव्हा हे निघालं, असं पत्रात लिहिलं होतं. थकबाकी, तिच्यावर व्याज, नोटिशीचा खर्च, सगळं मिळून आठ महिन्यांच्या घरभाड्याइतकं झालं होतं. तीस दिवसांत भरलं नाही तर पट्टा रद्द करण्याची कारवाई होईल, असं शेवटी जाड अक्षरात.

"पट्टा रद्द म्हणजे?" चिमीनं विचारलं.

"म्हणजे फ्लॅट गेला."

चिमीचा पाय जमिनीवर दाबला गेला. गाडीत नसतानाही तिचा ब्रेक लागायचा तो असा.

वकिलांना फोन केला. ते म्हणाले, डॉक्टरांनी सहाही वर्षांच्या पावत्या दिल्या होत्या, आपण त्या पाहिल्या, रकमा आणि तारखा बरोबर होत्या. आता कंपनी नाही म्हणत असेल तर भरून टाका आणि मग जुन्या मालकावर दावा लावा, वर्षा-दोन वर्षांत निकाल लागेल. हे ते इतक्या सहज म्हणाले की जणू दुसऱ्या दुकानातून भाजी आणायला सांगत होते.

मग डॉक्टरांना. सिस्टरांनी फोन लावताना मनाची तयारी केली होती की हा माणूस आता फोन उचलणार नाही. पण डॉक्टरांनी उचलला, पेशंट खुर्चीत होता तरी उचलला.

"सिस्टर, मी एकही वर्ष चुकवलेलं नाही," ते म्हणाले. "कंपनीकडून मागणीपत्र यायचं, मी ऑनलाइन भरायचो, पावती यायची. मागणीपत्रं आणि पावत्या, सगळं आज संध्याकाळी पाठवतो. आणि हे बघा, यात माझी चूक निघाली तर तुमचं नुकसान मी होऊ देणार नाही."

सिस्टरांना तेवढ्यानंच बरं वाटलं. कागद आले. बाराच्या बारा कागद दोघींनी टेबलावर पसरले, रकमा जुळवल्या, तारखा जुळवल्या. सगळं चोख. कंपनीला फोन केला तर पलीकडून एकच उत्तर: "आमच्या रेकॉर्डला एक्केचाळीसच्या खात्यावर काहीही जमा नाही."

"तो भाडेकरू," चिमी अचानक म्हणाली. "एकोणीस वर्षं बसलाय. कंपनीच्या नोटिशी फ्लॅटवर येत असणार आणि हा दडवत असणार. मालक कंपनीशी भांडणात अडकला की भाडं वाढवायचं विसरतो."

"असं एकदम कुणावर आळ घेऊ नये, चिमे."

"मी कुठं घेतेय? मी फक्त जाऊन विचारणार आहे."

रविवारी सकाळी दोघी गेल्या. भाडेकरूंना त्या आजवर जिन्यात एकदा भेटल्या होत्या तेवढंच. दार भाडेकरूंनीच उघडलं; सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले एक सडपातळ गृहस्थ. त्यांनी दोघींना आत बसवलं. खिडकीशी एक लांबट टेबल, त्यावर टोक केलेल्या पेन्सिली एका रांगेत, एक पट्टी, एक भिंग. आणि भिंतीला लागून पाच खोकी, सुतळीनं बांधलेली.

गृहस्थ उभेच होते. "किती दिवस देताय?" त्यांनी विचारलं.

"कसले दिवस?" सिस्टर म्हणाल्या.

"रिकामं करायला. नवीन मालक आले म्हणजे... मी पुस्तकं बांधायला घेतलीत. पण जागा मिळायला थोडा वेळ लागेल. या वयात एकट्या माणसाला लवकर कुणी देत नाही."

फ्लॅट घेतल्यापासून त्या दोघी हिशेब करत होत्या, भिंतीच्या रंगाचं बोलत होत्या, वेटरला सांगत होत्या. आणि हा माणूस इथे तीन आठवडे एकेक पुस्तक खोक्यात भरत होता. कुणी याला एक शब्द सांगितला नव्हता.

"काका, बसा आधी," त्या वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही कुठेही जायचं नाही. आम्ही हा फ्लॅट तुमच्यासकट घेतलाय. हे आम्ही पहिल्याच दिवशी येऊन सांगायला हवं होतं. चुकलं आमचं."

काका बसले. मग उठून चहा ठेवायला आत गेले, आणि कपबशा जरा जास्तच वेळ वाजत राहिल्या. चिमी खाली मान घालून बसली होती. नोटिशी दडवल्याचं काढायचं कसं, हे आता तिला कळेना.

चहा घेता घेता सिस्टरांनीच सगळं सांगितलं. काकांनी टेबलाच्या खणातून एक फाईल काढली. मालकाच्या नावानं आलेलं प्रत्येक पाकीट त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलं होतं आणि कुठल्या तारखेला काय पाठवलं ते लिहून ठेवलं होतं. कंपनीचं एकही पत्र त्यात नव्हतं.

"माझ्या मनात भलतंच आलं होतं, काका," चिमी एकदम म्हणाली. तिला पोटात ठेवता येत नाही. "वाटलं होतं, तुम्हीच पत्रं दाबली."

"साहजिक आहे," काका म्हणाले. "मलाही वाटलं होतं की तुम्ही मला काढायला आलात. फिट्टंफाट." आणि पहिल्यांदा हसले. "ते कागद आणलेत का? जरा बघू."

काका चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासत होते. टाइमटेबलं, औषधांच्या याद्या, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या. त्यांनी पहिली पावती टेबलावर सरळ ठेवली, तिच्यावर पट्टी ठेवली आणि पेन्सिलीचं टोक एकेका अक्षरावरून नेऊ लागले. शब्द डावीकडून उजवीकडे, आकडे मात्र उलट, उजवीकडून डावीकडे.

"आकडे असे का वाचता?" सिस्टरांनी विचारलं.

"सरळ वाचले की डोकं आधीच सांगून मोकळं होतं, काय असणार ते. आपण मग बघतच नाही." पेन्सिल थांबली. काकांनी दुसरी पावती घेतली, मग तिसरी, मग मागणीपत्रं. एकेका कागदावर एकाच जागी बारीक टिंब केलं. मग भिंग बाजूला ठेवलं.

"आपला फ्लॅट किती नंबरचा?"

"एक्केचाळीस."

"इथे चौदा लिहिलंय. बाराच्या बारा कागदांवर."

दोघी टेबलावर वाकल्या. कोपऱ्यात, डॉक्टरांच्या नावाखाली, फ्लॅट क्रमांक १४. वकिलांनी ते पाहिलं होतं, डॉक्टरांनी सहा वर्षं पाहिलं होतं, या दोघींनी आठवडाभर पाहिलं होतं. कुणालाच दिसलं नव्हतं. चिमी इतक्या मोठ्यानं ओरडली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. सिस्टरांनी मात्र काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून ठेवला. काका संकोचून म्हणाले, "अहो, हे माझं रोजचं कामच होतं."

मंगळवारी तिघं कंपनीच्या कार्यालयात गेली. काकांनी सगळे कागद तारखेप्रमाणे लावून आणले होते. चौकशीच्या खिडकीत एक मुलगी बसली होती, गळ्यात ओळखपत्र, समोर डबा अर्धवट उघडा. तिनं नेहमीचं वाक्य म्हणायला सुरुवात केली, "आमच्या रेकॉर्डप्रमाणे..." आणि सिस्टर मध्येच म्हणाल्या, "बाळा, तू आधी जेवून घे. आम्ही थांबतो."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग डबा बाजूला सारला आणि म्हणाली, "दाखवा." खरं म्हणजे दुसऱ्याचं खातं उघडून बघायला तिला परवानगी लागत होती. तिनं ती विचारली नाही. चौदा नंबर उघडला, पडद्यावर बोट फिरवत खाली गेली आणि पुन्हा वर जाऊन बघितलं.

"सहाही वर्षं इथे जमा आहेत," ती हळूच म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली. तेव्हा आकडे उलटे पडले असणार."

मॅनेजर बाहेर आले. मागणीपत्रावरच चौदा छापलेलं आहे आणि मागणीपत्र कंपनीनंच पाठवलेलं आहे, हे काकांनी त्यांना बोट ठेवून दाखवलं. मॅनेजरांनी दोनदा वाचलं, मग मान डोलावली. "ठीक आहे. एक्केचाळीसची थकबाकी रद्द होईल. ती रक्कम चौदाला लागेल. त्यांना आजच नोटीस काढतो."

चिमी उठलीच होती. सिस्टर उठल्या नाहीत.

"चौदामध्ये कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

"एक वयस्कर गृहस्थ आहेत. एकटेच," खिडकीतली मुलगी म्हणाली.

सिस्टरांना जाड अक्षरांतलं ते वाक्य आठवलं. आपण निदान दोघी होतो. "साहेब, चूक तुमच्या कार्यालयाची," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडून व्याज आणि नोटिशीचा खर्च घेऊ नका. आणि पत्र आठ दिवसांनी पाठवा. तोवर मी जाऊन त्यांना तोंडी सांगते."

"तुमचा काय संबंध, मॅडम? तुमचं काम तर झालं."

"झालं ना. म्हणूनच सांगतेय."

मॅनेजरांनी काकांकडे पाहिलं. काका पेन्सिल काढून कोऱ्या कागदावर अर्ज लिहायला लागलेसुद्धा होते. अर्ध्या तासात व्याज आणि खर्च माफ केल्याचं लेखी हातात आलं. त्यात दोन चुका होत्या, त्या काकांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतल्या.

त्याच संध्याकाळी सिस्टर एकट्याच पहिल्या मजल्यावर गेल्या. चौदा नंबरचे आजोबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त. उंच, एका खांद्यात वाकलेले. "मुद्दाम पहिला मजला घेतला," ते म्हणाले. "लिफ्टच्या आत काय असतं ते मला माहितीये." सिस्टर हसल्या, पण आलेलं काम तोंडातून निघेना. शेवटी कागद पुढे ठेवून त्यांनी सगळं सांगून टाकलं: सहा वर्षं तुमच्या खात्यावर जे जमा होत होतं ते आमच्या डॉक्टरांचे पैसे होते, आता कंपनी तुमच्याकडे मागणार, व्याज नाही, पण मूळ रक्कम द्यावी लागेल.

आजोबांनी कागद उचलला नाही. "म्हणजे माझ्या मुलानं भरले नव्हते," ते म्हणाले.

"मुलानं?"

"सहा वर्षांपूर्वी मी भरायला गेलो, तर खिडकीवर म्हणाले, भरलंय. माझ्या नावाची पावतीही टपालानं आली, पुढे दरवर्षी येत राहिली. मला दुसरं कोण भरणार? मुलगा. आमचं तेव्हा बोलणं बंद होतं. त्याच्या लग्नावरून मी फार वेडंवाकडं बोललो होतो. त्याचे फोन यायचे, मी उचलत नव्हतो. ती पावती बघितली आणि वाटलं, एवढं बोललो तरी पोरगा गुपचूप आपलं भरतोय. त्यानंतर त्याचा फोन आला तो उचलला. पैशांचं मी काढलं नाही, त्यानंही नाही. वाटलं, मोठेपणा दाखवायचा नाही त्याला. आता दर रविवारी बोलतो आम्ही. नातीला मी फोनवरून लिफ्ट कशी चालते ते शिकवलंय."

आपण इथे येऊन हे काय केलं, असं सिस्टरांना झालं. पण आजोबांचे खांदे हलायला लागले होते आणि क्षणभरानं कळलं की ते हसताहेत. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"दातांच्या डॉक्टरनं आमचं भांडण मिटवलं! आणि त्या बिचाऱ्याला पत्ता नाही!"

त्यांनी फोन उचलला, मुलाला लावला आणि सिस्टरांनाही ऐकू येईल असा ठेवला. सगळं सांगितलं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "मला वाटत होतं तुम्ही मला माफ केलंत म्हणून फोन उचलायला लागलात."

"केलंच की. कारण चुकीचं निघालं, एवढंच."

"मग ते सहा वर्षांचं आता मी भरतो."

"अजिबात नाही! माझं भुईभाडं मी भरीन. पैसे ठेवलेत मी."

"बाबा, हट्ट करू नका."

"हट्ट कोण करतंय? तू करतोयस!"

दोघं चांगलेच जुंपले. सिस्टर उठल्या, तेव्हा आजोबांनी एका हातानं फोन धरून दुसरा हात कपाळाशी नेला आणि मान लववली. मग पुन्हा फोनमध्ये ओरडायला लागले.

रस्त्यावर चिमी गाडीत वाट बघत होती. "रडले का गं?" तिनं विचारलं.

"रडले. पण तुझ्यासारखे ओरडतही होते," सिस्टर म्हणाल्या आणि मागे डोकं टेकून डोळे मिटले. चिमीनं त्या दिवशी घरापर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

दोन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. एक्केचाळीस नंबरवर काही बाकी नाही. सिस्टरांनी काकांबरोबर त्याच भाड्यात पुढच्या पाच वर्षांचा करार केला. अर्थात मसुदा काकांनीच तपासला. डॉक्टरांना फोन करून चौदा नंबरचं सगळं सांगितलं, तर ते इतके हसले की त्यांच्या खुर्चीतला पेशंट घाबरला. मग सिस्टरांनी आणखी एक नंबर फिरवला.

"चौकशी विभाग," खिडकीतल्या मुलीचा आवाज आला. "काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही, बाळा. मी एक्केचाळीस नंबरची. त्या दिवशी तू दुसरं खातं उघडून बघितलंस म्हणून आमचं घर राहिलं. आभार मानायला फोन केला."

पलीकडचा टाइपिंगचा खडखडाट थांबला. सिस्टरांना वाटलं, लाइन कट झाली.

"मॅडम, आहात ना?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. "इथे प्रत्येक फोनची नोंद करावी लागते. तक्रार, थकबाकी, चौकशी, असे तीनच रकाने आहेत. हे कशात घालू?"

"तुला वाटेल त्यात घाल."

"नको," मुलगी म्हणाली. "खाली थोडी जागा आहे. तिथे लिहिते." आणि लिहिताना ती एकेक शब्द हळू आवाजात म्हणत होती, तो सिस्टरांना ऐकू येत राहिला.